५ गिगाहर्ट्झच्या नावाखाली माथी मारलेलं मशीन

मूळ वेगापेक्षा जास्त वेगाला चालवलेल्या, म्हणजे ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकाची जाहिरात अशी होती: इंटेलचा कोर आय७-८७००के प्रोसेसर, सहाही कोअर ५ गिगाहर्ट्झवर, २४० मिलिमीटरचा नवाकोरा लिक्विड कूलर, लोडवर तापमान ७० च्या आत. सोबत सीपीयू-झेड या प्रोसेसरचा वेग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट आणि बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या चाचणीचा) छोटा व्हिडिओ, त्यावर दणदणीत गाणं. यातला प्रत्येक आकडा खरा होता. तरीही पैसे घेऊन माझ्या हाती जे आलं ते कंपनीच्या मूळ सेटिंगवरच्या ८७००के पेक्षा हळू चालत होतं.

व्हिडिओ रेंडरला लावला की वेग ५.० वरून खाडकन ४.२ वर. सुरुवातीला कुणालाही वाटेल की चिप तापली म्हणून तिने स्वतःला आवरलं. पण हे पहिल्याच सेकंदाला घडत होतं, तापायला वेळच मिळाला नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानांवर, गेल्यावर उलगडा झाला. एव्हीएक्स ऑफसेट ८ वर ठेवलेला. म्हणजे एव्हीएक्स प्रकारच्या (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) जड सूचना आल्या की वेग ठरवणारा गुणक ५० वरून ८ ने खाली, थेट ४२, म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ. रेंडरिंग, एन्कोडिंग, गणिती कामं, अशा बऱ्याच ठिकाणी याच सूचना वापरल्या जातात. या प्रोसेसरचा सहा कोअरवरचा मूळचा टर्बो (कामाच्या वेळी आपोआप गाठला जाणारा वेग) सुद्धा ४.३ आहे! विक्रेत्याने दाखवायला निवडलेला बेंचमार्क मात्र जुना, एव्हीएक्स न वापरणारा. एक-दोनचा सौम्य ऑफसेट पुष्कळ जण ठेवतात, त्यात गैर काही नाही. आठचा ऑफसेट फक्त स्क्रीनशॉटपुरता असतो.

आता तापमान. त्याच्या व्हिडिओतला आकडा मदरबोर्डच्या सॉकेटजवळच्या सेन्सरचा होता. बघायचा असतो तो ‘पॅकेज’ नावाचा आकडा, जो चिपच्या आतल्या सेन्सरांवरून येतो. दोघांत लोडवर भलताच फरक पडू शकतो. सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये दोन्ही ओळी शेजारी लावल्या तेव्हा पॅकेज काही मिनिटांत १०० अंशांना टेकलं आणि ४.२ सुद्धा टिकेना. १०० ही या चिपची कमाल मर्यादा. तिथे पोचली की ती आपणहून वेग कमी करते. शिवाय लिक्विड कूलरमधलं पाणी तापून स्थिर व्हायलाच बराच वेळ लागतो, त्यामुळे मिनिटभराच्या चाचणीत कुठलाही लिक्विड कूलर गुणी बाळ दिसतो.

व्होल्टेज १.४५ वर ठोकून बसवलेलं. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.७ ला १.२५ व्होल्टवर चालणारी चिप ५.० ला १.४५ वर नेली, तर वेग जेमतेम ६ टक्के वाढतो आणि उष्णता ४० टक्क्यांहून जास्त. त्यात ८७००के च्या झाकणाखाली सोल्डर (धातूचा सांधा) नाही, उष्णता कमी वाहून नेणारी पेस्ट आहे, त्यामुळे वर कितीही मोठा कूलर बसवा, उष्णता आतच अडकते. (इंटेलने २०१८ मध्ये ९९००के या पुढच्या प्रोसेसरला पुन्हा सोल्डर आणलं ते उगीच नाही.) रोजच्या वापरासाठी जाणकार १.३५ च्या आसपास थांबतात. सतत जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता दिली की चिप झिजते. मग त्याच वेगाला तिला आणखी व्होल्टेज लागायला लागतं. माझ्या वाट्याला आलेली चिप अशीच पिळून काढलेली निघाली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या) नोंदींची रांग लागली होती, इव्हेंट १९. संगणक बंद पडत नाही, निळा पडदा येत नाही, प्रोसेसर स्वतःची चूक गुपचूप दुरुस्त करत राहतो.

कूलरची गंमत वेगळीच. रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) कॅबिनेटच्या तळाशी लावलेला, म्हणजे प्रोसेसरवरचा पंप सगळ्यांत उंच. आतली हवा नेहमी वर जाते, ती नेमकी पंपात साठली. मशीन चालू केलं की गुळगुळ आवाज यायचा, आणि व्हिडिओवर गाणं का होतं तेही कळलं. खोलला तर स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, जाळीत धूळ घट्ट बसलेली, माउंटच्या कोपऱ्यात जुनी पेस्ट वाळून कडक झालेली. नवाकोरा!

विक्रेत्याचं म्हणणं, ‘कूलर २५० वॉटचा आहे, प्रोसेसर ९५ वॉटचा, तुम्हीच काहीतरी सेटिंग बिघडवलं.’ ९५ हा आकडा ३.७ च्या बेस वेगाचा आहे, ५.० चा नव्हे. आणि कूलरच्या खोक्यावरच्या वॉटना सर्व कंपन्यांची मिळून एक अशी चाचणीच नाही. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे निर्मात्याकडेही दाद मागता आली नाही.

सध्या चिप मूळ सेटिंगपेक्षा किंचित खाली, दोन टॉवरच्या एअर कूलरखाली चालते आणि नोंदी थांबल्या आहेत. एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो, तोही डोळ्यांनी दिसतो. फक्त त्याची उंची कॅबिनेटमध्ये आणि रॅमवर बसते का ते आधी मोजा.

असं मशीन घ्यायचंच असेल तर अर्ध्या तासाचा, मध्ये न कापलेला, आवाजासकट व्हिडिओ मागा. त्यात प्राइम९५ (प्रोसेसरवर कमाल ताण देणारं सॉफ्टवेअर) एव्हीएक्ससह चालू हवा, आणि पडद्यावर प्रत्येक कोअरचा वेग, व्हीकोर (प्रोसेसरचं व्होल्टेज), पॅकेज तापमान आणि डब्ल्यूएचईए चुकांची संख्या एकत्र दिसायला हवी. बायोसच्या ओव्हरक्लॉकिंग पानाचा फोटोही घ्या. टाळाटाळ झाली तर सौदा सोडा. आणि मशीन घरी आल्यावर काही खटकलं तर घाईघाईने सीएमओएस (बायोसची सेटिंग जपणारी मेमरी) साफ करू नका, सगळी सेटिंग पुसली जातात. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. कूलरचे पैसे मला परत मिळाले ते त्या फोटोंमुळेच. प्रोसेसरचे नाही मिळाले.