गावकीची खोली, लालबाग : दुरुस्तीनंतर सात आठवडे राहून आलो, त्याचा हिशोब

आण्णांना घशाचे पस्तीस शेक सांगितले. शेक म्हणजे रेडिएशन. शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून पस्तीसचे सात आठवडे होतात. ॲडमिट करून घेत नाहीत. रोज टाटाला जायचं, थोडा वेळ मशीनखाली झोपायचं आणि परत यायचं. पाटण तालुक्यातून परळला रोज कसं येणार? लॉजचे दर विचारले आणि फोन ठेवून दिला. धर्मशाळांत आमच्यासारख्यांची रांग असतेच. शेवटी गावकीच्या खोलीवर गेलो. २००३ साली सोडली होती, त्यानंतर पहिल्यांदाच मुक्काम.

मधल्या काळात चाळीची सरकारी पैशातून दुरुस्ती झाली. गावाकडून सारखे फोन येतात, "आता कशी हाय रं खोली? राहण्यासारखी हाय का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

गावकीची खोली म्हणजे काय, हे आमच्या गावात सांगावं लागत नाही, पण हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. गिरण्यांच्या काळात गावाने वर्गणी काढून, पागडी भरून चाळीत एक खोली घ्यायची आणि गावचा कुठलाही गडी मुंबईत आला की त्याने तिथे पथारी टाकायची. घाटावरच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या होत्या. धोबी तलावला गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे कूड आहेत, जहाजावर जाणारे खलाशी तिथे उतरायचे, त्यातलाच हा प्रकार. आमची खोली दहा बाय अठरा, दुसऱ्या मजल्यावर. मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. आण्णांच्या वेळी इथे अठ्ठावीस माणसं. कशी मावत होती? मावत नव्हतीच. पहिल्या पाळीवाला उठून गेला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीवाला येऊन आडवा. उन्हाळ्यात निम्मे गॅलरीत. १९८२ चा संप झाला आणि निम्मी वळकटी गावाला गेली. मी माथाडीत आलो १९९४ ला, तेव्हा अकरा होतो. आता सहा आहेत : तिघे कुरिअरला, एक बेस्टमध्ये, दोघे पोलीसभरतीची तयारी करतात आणि पहाटे पाचला उठून सगळ्यांना उठवतात.

आता दुरुस्तीचं. "सरकारने फुकट करून दिलं" असं बोलणाऱ्यांनी जरा ऐकून घ्या. शहर भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर १९६९ च्या कायद्यापासून दुरुस्तीचा सेस आहे. महापालिका तो मालमत्ता करासोबत गोळा करते, सरकार आणि म्हाडा त्यात भर घालतात आणि त्या पैशातून दुरुस्ती मंडळ कामं काढतं. आमची चाळ १९४० च्या आधीची, म्हणजे 'अ' वर्गातली. मालक हात लावणार नाही हे उघड आहे. रेंट ॲक्टने गोठलेलं भाडं, त्यात चौघांचा वडापाव होत नाही, तो तुळया कुठून बदलणार? पण मंडळाच्या खर्चालाही चौरस मीटरमागे मर्यादा असते, वरचे पैसे रहिवाशांनी घालायचे. आमच्या वाट्याला खोलीमागे अठरा हजार आले. ते गावच्या यात्रेत माइकवरून नावं पुकारून जमवले. एका म्हातारीने पाचशे दिले. तिने मुंबई कधी पाहिलेली नाही, पण बावीस वर्षं तिची मनीऑर्डर याच खोलीतून यायची.

काम कसं झालं? जमीन आता हलत नाही. शेजारच्या खोलीत मसाला कुटायला घेतला की पूर्वी आमच्या कपबशा वाजायच्या. संडासाच्या बाजूच्या सागवानी तुळया भिंतीत कुजून भुसा झाल्या होत्या, तिथे लोखंडी सेक्शन टाकलेत. खाली झोपलं की छताला लाल ऑक्साइड दिसतो. सुंदर नाही, पण झोप लागते. गॅलरीचा लाकडी कठडा मात्र ज्याने कोणी वाचवला त्याला शंभर वर्षं आयुष्य लाभो. जिथे धड होता तिथे तसाच ठेवला, मोडलेल्या दांड्या सुताराकडून जुन्यासारख्या करून बसवल्या. नवी कोणती, जुनी कोणती, हे हात फिरवल्यावर कळतं : जुनी गुळगुळीत लागते.

संडासाला मी शून्य देतो. ठेकेदाराच्या माणसाने उतार उलटा काढलाय. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराशी येऊन थांबतं. वर शहाबादी काढून चकचकीत टाइल्स बसवल्या. दुसऱ्याच सकाळी आण्णा घसरले. कठडा हाताला लागला म्हणून बचावले. तेव्हापासून दाराशी गोणपाट टाकलंय, ते दर दोन दिवसांनी बदलायचं. ढेकूण दुरुस्तीत गेले असं सांगतात. गेले नाहीत.

दुसरी तक्रार खुंट्यांची. दाराशेजारच्या भिंतीवर अठ्ठावीस खुंट्यांची एक लांब फळी होती, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. गिलावा करताना ती उखडून डेब्रिजच्या ढिगावर टाकली. कुरिअरवाल्या एका पोराने ती ओढून आणली आणि पुन्हा ठोकली. पोराचं कौतुक, पण त्याने उलटी ठोकली. खुंट्या खाली झुकलेल्या, लावलेलं सगळं घसरतं. पहिल्या रात्री आण्णा सरळ गेले, डावीकडून तिसऱ्या खुंटीला टोपी लावली. पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. घशाच्या दुखण्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून नुसते उभे राहिले. मग दुसऱ्या टोकाला जाऊन उजवीकडून तीन मोजल्या, त्या खुंटीवर अंगठा फिरवला आणि मला बोलावून दाखवलं : खाली चाकूने कोरलेली फुली.

जेवण तळमजल्याच्या मावशींकडे. पूर्वी खानावळ होती, आता दहा-बारा डबे. घशाला तिखट चालत नाही म्हटल्यावर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटला, पण तिसऱ्या दिवसापासून मऊ भात आणि तूप न सांगता येऊ लागलं. पाणी पहाटे तासभर, पिंप भरून ठेवायचं. राहणाऱ्याला महिन्याला चारशे वर्गणी. पेशंट आणि सोबतचा एक, यांना काही नाही, लाइटबिलात मनाला येईल ते टाका.

आता ज्यावरून गावात दोन तट पडलेत, ते. दुरुस्तीवर पैसे घालवण्यापेक्षा टॉवर का नाही केला, असं आमच्यातले शिकलेले विचारतात. वरळीच्या बीडीडी चाळीत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीवाल्यांना पाचशे फुटांची घरं मिळतायत, त्यांचं भलं होवो, मला पोटदुखी नाही. पण तिथल्या खोलीत एक कुटुंब होतं. आमच्या खोलीची भाडेपावती ज्यांच्या नावावर आहे ते १९७८ साली वारले. गावाने पागडी भरली याला कागद नाही, एक वही आहे. पुनर्विकासात घर पावतीवाल्याला मिळतं, वहीला नाही. मागच्या गल्लीत दुसऱ्या एका गावची खोली होती. तिथे टॉवर झाला, ब्लॉक पावतीवाल्याच्या नातवाच्या नावावर लागला, त्याने तो भाड्याने दिला. त्या गावची दोन पोरं आता आमच्या खोलीत झोपतात. सहातली दोन तीच. आणि ब्लॉक गावाला मिळाला असता तरी लिफ्टचा, वॉचमनचा मेंटेनन्स चारशेच्या वर्गणीत बसला असता का, ते शिकलेल्यांनी कागदावर मांडून दाखवावं. मी यात्रेत विचारलं होतं, तेव्हा माइक बंद पडला.

दुरुस्तीत खोली आहे तशी राहिली, एवढ्यासाठी मी पाचपैकी चार देतो. संडासाचा एक कापला. सात आठवड्यांत आमचा राहण्याचा खर्च लाइटबिलात टाकलेले हजार रुपये आणि मावशींचे डबे एवढाच.

तपासणीला तीन महिन्यांनी जायचंय. तेव्हा मोठा हातोडा घेऊन जाणार आहे, ती फळी सुलटी करायला. तोवर कोणी गेलात तर टोपी खुंटीला लावू नका, ट्रंकेवर ठेवा. आणि जाताना एक गोणपाट न्या.