साइडचेन कॉम्प्रेशन: आठ महिने वापरल्यावर काय वाटतं

आठ महिने झाले, गाणं मिक्स करताना जवळपास प्रत्येक ट्रॅकवर साइडचेन वापरतोय, म्हणजे एका आवाजाच्या इशाऱ्यावर दुसरा आवाज आपोआप दाबायचा. सुरुवात एकाच त्रासामुळे झाली, किक (बास ड्रमचा ठोका) आणि बेस दोघांचा जोर ५० ते १०० हर्ट्झमध्येच, त्यामुळे किक वाढवली की मास्टरचा (सगळ्या गाण्याच्या एकत्र आउटपुटचा) मीटर लाल आणि बेस कमी केला की गाणं पोकळ. मग बेसवर कॉम्प्रेसर (आवाज आपोआप दाबणारं साधन) टाकला, त्याच्या साइडचेन इनपुटला किक दिली, किक वाजली की बेस क्षणभर खाली बसतो आणि परत वर येतो, बस्स एवढंच, पण पहिल्याच दिवशी किक मोकळी ऐकू यायला लागली.

खरी मेहनत रिलीजची आहे, म्हणजे दाबलेला बेस परत वर यायला लागणाऱ्या वेळेची. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० बीट्स असताना, दोन बीट्समध्ये ५०० मिलिसेकंद मिळतात (६०,००० भागिले बीपीएम, सोपं आहे), आणि मी रिलीज ठेवलेला ४००, म्हणजे बेस वर येतोय न येतोय तोवर पुढची किक हजर, सगळं गाणं दबलेलं वाटायचं आणि मी कारण ईक्यूमध्ये (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करण्यात) शोधत बसलो. रिलीज १५० च्या आसपास आणला आणि बेस श्वास घ्यायला लागला.

अटॅक, म्हणजे बेस खाली दाबला जायला लागणारा वेळ, तर मी पार शून्याला टेकवायचो, मग प्रत्येक किकला बेसमध्ये बारीक टिक. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, ती मधेच झटक्यात दाबली तर टिक येणारच ना. ५ ते १० ठेवल्यावर गेली.

किती दाबायचं? पंपिंगच हवं असेल, म्हणजे ठोक्याबरोबर आवाज ठळक खाली-वर होणं, हाऊस या डान्स संगीतासारखं, तर १० डीबीसुद्धा (डेसिबल) छान वाटतं, पण साध्या गाण्यात ३-४ डीबी पुरे, ऐकणाऱ्याला कळतही नाही. घोस्ट किक मात्र नक्की शिका, म्हणजे मास्टरला न जाणारी, फक्त ट्रिगरपुरती किक, खरी किक थांबली तरी पॅड (मागे लांबत राहणारा सिंथचा आवाज) हलता राहतो.

गायकाचा आवाज पुढे यावा म्हणून गिटार दाबून पाहिली, पण अख्खी गिटार खाली जाते ते मला आवडलं नाही, आता साइडचेनवाला डायनॅमिक ईक्यू (आवाज आला की ठरावीक फ्रिक्वेन्सीच दाबणारा) लावून फक्त २ ते ४ किलोहर्ट्झच २ डीबीने खाली घेतो, शब्द स्वच्छ येतात.

परवा एका ट्रॅकमध्ये कितीही सेटिंग फिरवलं तरी जमेना, शेवटी बेसचा स्वर किकवरून उचलून अर्धा बीट पुढे सरकवला आणि तिथला साइडचेन काढूनच टाकला.