गाओकाओच्या इंग्रजी उताऱ्यांचा ‘आतला संच’: आमच्या घरात झालेली फसवणूक

चीनमधील महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेच्या, म्हणजेच गाओकाओच्या, इंग्रजी उताऱ्यांच्या सरावासाठी ‘प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडून आलेला आतला संच’ या नावाने एक संच माझ्या साडूंच्या घरी विकत घेतला गेला. त्यात त्या कुटुंबाचे 9,800 युआन, म्हणजे लाखाहून अधिक रुपये बुडाले. पैशांचे दुःख आहेच. परंतु परीक्षेपूर्वीचे सर्वांत मोलाचे आठवडे माझ्या भाचीने खोट्या उताऱ्यांवर घालवले आणि त्यातून तिची वाचण्याची सवयच बिघडली, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते. मी मूळचा इचलकरंजीचा असून कापडाच्या व्यवसायानिमित्त झेजियांग प्रांतातील शाओशिंगजवळच्या केछ्याओ भागात राहतो आणि माझी सासुरवाडी इथलीच आहे. हा अनुभव मराठीत लिहिण्याचे कारण असे की नीट आणि सीईटीच्या हंगामात अशाच स्वरूपाचे संदेश आपल्याकडील पालकांनाही येतात आणि त्यांची रीत फारशी वेगळी नसते.

या फसवणुकीने नेमकी कुठे पकड घेतली हे समजण्यासाठी परीक्षेची रचना थोडी सांगणे आवश्यक आहे. गाओकाओच्या एकूण 750 गुणांपैकी इंग्रजीला 150 गुण असतात आणि त्यांतील 50 गुण वाचनाचे असतात. चार उताऱ्यांवर पंधरा प्रश्न, प्रत्येकाला अडीच गुण. त्यानंतर आणखी एक उतारा, ज्यातील पाच रिकाम्या जागी सात वाक्यांमधून योग्य ती पाच निवडून बसवायची असतात आणि दोन शिल्लक राहतात. झेजियांगमध्ये इंग्रजीची परीक्षा जानेवारीत आणि जूनमध्ये अशी दोनदा देता येते आणि दोन्हींपैकी जास्त असलेले गुण धरले जातात. ही सोय विद्यार्थ्यांच्या हिताचीच आहे. मात्र जानेवारीत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळालेल्या मुलांचे पालक जूनपर्यंत जी अस्वस्थता सोसतात, तीच ठगांची खरी बाजारपेठ आहे. भाचीचे जानेवारीतील गुण वाचनामुळेच कमी झाले होते.

मार्चमध्ये कोणीतरी मेहुणीला पालकांच्या एका वीचॅट (चीनमधील संदेशांचे ॲप) समूहात घेतले. तिथे स्वतःला ‘शिक्षक’ म्हणवणारा एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा एक उतारा आणि त्याचे स्पष्टीकरण विनामूल्य देत असे. ही स्पष्टीकरणे चांगली होती, आणि त्यामुळेच विश्वास बसला. पुढे मला शोध घेतल्यावर आढळले की ती जुन्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिकांवरील, सहज मिळणाऱ्या सराव-पुस्तकांतून उतरवलेली होती. काही दिवसांनी त्याने सांगितले की प्रश्नपत्रिका काढणाऱ्या समितीतील एका प्राध्यापकांशी त्याचा जुना संबंध आहे आणि जूनसाठी निवडलेल्या विषयांवरचे उतारे मोजक्याच कुटुंबांना देता येतील. 2021 च्या जुलैमध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधने आणल्यापासून बऱ्याचशा शिकवण्या ओळखीपाळखीतून आणि बंद समूहांतून चालतात, त्यामुळे हे सारे आडून का चालले आहे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

संचासाठी 6,800 युआन ठरले. लाल गोल शिक्क्याच्या कराराचे छायाचित्र आले आणि त्यात ‘उतारे न जुळल्यास पूर्ण रक्कम परत’ असे कलम होते. पैसे मात्र कोणत्याही संस्थेच्या खात्यावर न जाता एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. संच येण्याच्या आदल्या दिवशी ‘गोपनीयतेची अनामत’ म्हणून आणखी 3,000 युआन मागितले गेले आणि पहिली रक्कम अडकलेली असल्यामुळे तीही दिली गेली.

मे महिन्यात भाचीचे शाळेतील सराव परीक्षांचे गुण आणखी घसरले, तेव्हा साडूंनी मला तो संच पाहायला दिला. मी तो संपूर्ण वाचला. काही उतारे जुन्या प्रश्नपत्रिकांतील होते. फक्त माणसांची आणि शहरांची नावे बदललेली होती. उरलेले उतारे यंत्राने लिहून घेतल्यासारखे होते: प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात सारे सांगून टाकलेले आणि पुढे तेच घोळवलेले. खरा दोष प्रश्नांमध्ये होता. गाओकाओच्या खऱ्या प्रश्नांत बरोबर पर्याय उताऱ्यातील आशय वेगळ्या शब्दांत मांडतो, आणि उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे उचलणारा पर्याय बहुधा चुकीचा असतो. अधोरेखित शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडावा लागतो. लेखकाचा सूर कौतुकाचा आहे की शंकेचा, हे पूर्ण उतारा वाचल्याखेरीज सांगता येत नाही. या संचात नेमके उलटे होते. ज्या पर्यायात उताऱ्यातील शब्द जास्त तोच बरोबर, आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत लांब पर्याय तोच उत्तर. पाच वाक्ये निवडण्याच्या प्रश्नात शिल्लक राहणारी दोन वाक्ये उताऱ्याशी इतकी असंबद्ध होती की सर्वनामे, जोडशब्द किंवा मागच्या वाक्याचा धागा पाहण्याची गरजच उरत नव्हती. अशा सरावामुळे भाची शब्द जुळवून उत्तरे देऊ लागली होती. या संचावर तिला जवळजवळ पूर्ण गुण मिळत आणि शाळेच्या परीक्षेत तीच रीत तिला बुडवत असे. ‘मला समजते आहे, तरी चुकते आहे’ असे ती रडत म्हणाली, तेव्हा मला त्या माणसाचा जेवढा संताप आला तेवढा पैशांसाठी आला नव्हता.

सरावाचा कोणताही संच घेण्यापूर्वी पालकांनी एक साधी परीक्षा करून पाहावी. उतारा झाकून ठेवावा आणि फक्त प्रश्न व पर्याय वाचून उत्तरे निवडावीत. निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर आली, तर तो संच वाचनाचा सराव देत नाही. जुन्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका सर्वत्र उपलब्ध आहेत आणि त्यांच्याइतके चांगले साहित्य विकत मिळत नाही.

‘आतून आलेल्या’ उताऱ्यांचा दावा मुळातच टिकणारा नाही. गाओकाओची प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वी शासकीय गुपित मानली जाते आणि तसे तिच्यावर छापलेलेही असते. ती काढणाऱ्यांना परीक्षा संपेपर्यंत बाहेरच्या जगापासून दूर ठेवले जाते. नोव्हेंबर 2015 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीनुसार अशा परीक्षांतील प्रश्न किंवा उत्तरे बेकायदा पुरवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. दुर्दैवाने हाच कायदा ठगांच्या कामी येतो. साडूंनी पैसे परत मागितले, तेव्हा त्या माणसाने आधी कराराचे बारीक अक्षरांतील कलम दाखवले, ज्यात ‘जुळणे’ याचा अर्थ ‘विषयक्षेत्र जुळणे’ असा दिला होता. विज्ञान, पर्यावरण, कला, आरोग्य ही क्षेत्रे दरवर्षीच उताऱ्यांत असतात, तेव्हा या व्याख्येने तो कधीच हरणार नव्हता. त्यानंतर त्याने सुनावले की तक्रार केलीत तर फुटलेली प्रश्नपत्रिका विकत घेतल्याबद्दल तुमच्याच मुलीची परीक्षा रद्द होईल. मेहुणी या धमकीने इतकी घाबरली की परीक्षा होईपर्यंत तिने कोणालाही काही बोलू दिले नाही. समूहातील इतर पालकही गप्प राहिले, ते बहुधा याच भीतीने. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी समूह विसर्जित झाला आणि त्या माणसाचे खाते नाहीसे झाले.

मे महिन्यापासून भाचीने तो संच बाजूला ठेवला आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकीचा, हे एका वाक्यात लिहिण्याचा सराव केला. जूनमध्ये तिचे वाचनाचे गुण जानेवारीपेक्षा थोडे वाढले. परंतु तिने मनात धरलेल्या महाविद्यालयासाठी ते पुरेसे नव्हते.

तक्रार आम्ही जूनच्या अखेरीस केली. ग्राहकांच्या 12315 या क्रमांकावर सांगण्यात आले की समोर नोंदणीकृत व्यवसाय नसल्यामुळे आधी पोलिसांकडे जावे. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आणि संच बनावट असल्यामुळे मुलीवर कारवाईचा प्रश्नच येत नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यांनी मागितलेल्या गोष्टी अशा: पैसे पाठवल्याच्या मूळ नोंदी, घेणाऱ्याच्या खात्याचा तपशील, कराराचे छायाचित्र आणि फोनमधील मूळ संभाषण. मेहुणीने भीतीपोटी संभाषणाचा बराचसा भाग पुसून टाकला होता, आणि तपास सध्या त्याच ठिकाणी अडला आहे. ज्यांच्यावर असा प्रसंग आला असेल त्यांनी एकही संदेश पुसू नये, फोन बदलू नये आणि परीक्षेचा दिवस उलटण्याची वाट न पाहता, समोरच्याचे खाते जिवंत असतानाच पोलिसांकडे जावे.