ॲक्युम्युलेटर की क्रँककेस हीटर?

मार्केट यार्डातल्या कोल्ड रूमवाल्यांचा नेहमीचा प्रश्न: कॉम्प्रेसरला द्रव रेफ्रिजरंटपासून (यंत्रात फिरणाऱ्या थंडावा देणाऱ्या पदार्थापासून) वाचवायला खर्च एकाचाच करायचा, तर कशाचा?

आधी शत्रू ओळखा. डीफ्रॉस्टनंतर (कॉइलवरचा बर्फ वितळवल्यावर) किंवा कॉइलवर बर्फ साचल्यावर न उकळलेलं रेफ्रिजरंट चालू कॉम्प्रेसरकडे येतं. ते ॲक्युम्युलेटर, म्हणजे कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या नळीवरची टाकी, अडवतो. आतल्या यू-नळीच्या तळाला जेमतेम मिलिमीटरभर भोक असतं, त्यातून तेल थोडंथोडं परत जातं. ते कचऱ्याने बुजलं की तेल टाकीत अडकतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. टाकी उभीच बसवा, कॉम्प्रेसरजवळ. इन-आउट उलटं जोडलं तर सगळं व्यर्थ. क्षमता ढोबळमानाने एकूण चार्जच्या (यंत्रात भरलेल्या रेफ्रिजरंटच्या) निम्मी तरी हवी.

क्रँककेस हीटर कॉम्प्रेसरचा तेल असलेला तळ गरम ठेवतो. त्याचं काम मशीन बंद असताना: तेलात रेफ्रिजरंट मुरू न देणं. बसवायला सोपा, ब्रेझिंग (नळ्या तापवून धातूने जोडणं) नाही. पण वीज गेली की तोही थंड! लांबलेल्या बंदनंतर आधी हीटर बारा तास तरी चालवा, मगच कॉम्प्रेसर.

डीफ्रॉस्टवाल्या फ्रीझर रूमला ॲक्युम्युलेटर. गच्चीवर थंडीत रात्रभर बंद राहणाऱ्या एसीला हीटर. दोन्ही लक्षणं असतील तर दोन्ही. एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा (कॉइलमध्ये रेफ्रिजरंट सोडणाऱ्या झडपेचा) सुपरहीट, म्हणजे उकळून झाल्यावर वायू आणखी किती तापतो, ते मात्र आधी तपासा.