आप्पांच्या १४ कॅसेट आणि दादरचं हे दुकान

घरात जुन्या व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओच्या कॅसेट पडून असतील तर आधी हे वाचा आणि मगच त्यांच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या फाइल्स करून घ्यायला कुठे द्यायच्या ते ठरवा, कारण मी एकदा चूक करून बसलेय आणि ती आता भरून निघणारी नाहीये.

आमच्या आप्पांनी १९८६ ते १९९३ या काळात मुंबई दूरदर्शनवरचे कार्यक्रम व्हीसीआरवर रेकॉर्ड करून ठेवले होते, नाट्यसंगीत, मुलाखती, गणपतीतले खास कार्यक्रम, एकूण १४ कॅसेट. साप्ताहिकी, म्हणजे पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगायचे ती, बघताना वहीत वार आणि वेळ टिपून ठेवायचे. टायमरच्या भरवशावर कधीच राहिले नाहीत, लाइट गेले की व्हीसीआरचं घड्याळ परत शून्यावर यायचं आणि कार्यक्रम हुकायचा, म्हणून स्वतः रिमोट घेऊन समोर बसायचे आणि जाहिरात लागली की पॉज. रेकॉर्डिंग झालं की कॅसेटच्या मागची ती छोटी प्लास्टिकची टॅब स्क्रूड्रायव्हरने तोडून टाकायचे, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरं काही घेऊ नये. तरी काकाने एकदा त्या खाचेवर सेलोटेप चिकटवून क्रिकेटची मॅच घेतलीच आणि एक अख्खी मुलाखत पुसली गेली. आप्पा आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

आप्पा होते तोवर कॅसेट कपाटात, पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवलेल्या असायच्या. ते गेल्यावर घर बदललं, खोका माळ्यावर गेला आणि मुंबईच्या पावसाने जे करायचं ते केलं. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेवर पांढरी पावडर दिसायची. मला वाटलं धूळ असेल. ती बुरशी होती.

घराजवळच्या एका दुकानात मी फाइल्स करून घ्यायला तीन कॅसेट दिल्या. त्यांनी काही न बघता सरळ मशीनमध्ये घातल्या. पहिलीची टेप आत अडकली आणि बाहेर काढताना चुरगळली, आणि त्याच मशीनमधून बुरशी पुढच्या दोन्हींना लागली. कीर्तनाची जवळजवळ १० मिनिटं कायमची गेली. मी घरी येऊन रडले, खरंच.

मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने दादरचं हे दुकान सांगितलं. जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मी व्हॉट्सॲपवर कॅसेटचे फोटो पाठवले तर दुकानाच्या काकांचा पहिला मेसेज आला, ताई, कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, आहे तशी आणा. गेल्यावर त्यांनी प्रत्येक कॅसेट टॉर्चखाली धरून बघितली आणि चांगल्या एकीकडे, बुरशीवाल्या दुसरीकडे अशा वेगळ्या केल्या. मग एक माझ्यासमोरच उघडली, खालचे पाच स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं, आतले दोन्ही स्पूल, म्हणजे टेप गुंडाळलेली चाकं, अलगद दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवले, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडातून टेप हळूहळू पुढे सरकवत नेली. कापडावर करडी रेघ उमटत होती, दर थोड्या वेळाने कापडाची नवी बाजू घ्यायची. एका कॅसेटला पाऊण तास. घाई अजिबात नाही.

मशीनचं पण सांगते. व्हीसीआर बनवणाऱ्यांत शेवटची उरलेली, जपानची फुनाई कंपनी, तिनेही जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे आता जी चालू मशीन आहेत तीच जपून वापरायची. काकांकडे चार आहेत आणि त्यातली दोन फक्त पार्ट्ससाठी. आप्पांनी शेवटच्या काही कॅसेट टेप वाचवायला एलपीवर, म्हणजे टेप अर्ध्या वेगाने फिरवून, घेतल्या होत्या, म्हणजे १८० मिनिटांच्या टेपवर सहा तास, पण त्यात ट्रॅक, म्हणजे टेपवरच्या चित्राच्या रेघा, बारीक होतात आणि दुसऱ्या मशीनवर चित्र फाटतं. दुकानाच्या काकांनी दोन मशीन बदलून, ट्रॅकिंगचं, म्हणजे मशीनला त्या रेघांशी जुळवायचं बटण फिरवून फिरवून चित्र स्थिर केलं. तळाशी एक हलणारी पट्टी राहिलीय, पण ती व्हीएचएसला असतेच असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

फाइल्स दोन प्रकारच्या मिळतात, एक मोठी डीव्ही फाइल, म्हणजे जपून ठेवायची चांगल्या दर्जाची, तासाला साधारण १३ जीबी, आणि एक एमपीफोर जी मोबाइलवर चालते. हार्डडिस्क आपली न्यायची. माझं ३० तासांचं काम झालं, नुसत्या डीव्ही फाइल्सच ४०० जीबीच्या आसपास, त्यामुळे १ टीबीच घेऊन जा. आणि एकाच डिस्कवर ठेवू नका हो, मी एक कॉपी आत्याकडे नाशिकला ठेवलीय. मूळ कॅसेट पण टाकू नका, दुकानाचे काका स्वतः ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात भरून देतात. स्पीकरजवळ आणि माळ्यावर ठेवायच्या नाहीत.

तक्रारी दोन. सहा आठवडे लागले, सांगितले होते तीन. आणि फाइल्सना नुसते नंबर दिलेत, त्यामुळे आप्पांची वही समोर घेऊन मी दोन रविवार नावं टाकत बसले. एवढं मोठं काम करतात तर कॅसेटच्या कडेची तारीख तरी फाइलच्या नावात टाकायला हवी.

पण एका मैफलीच्या मध्ये आप्पांचा पॉज चुकलाय आणि बातम्यांची सुरुवात आलीय, मग लगेच कट. आईने तो तुकडा चार वेळा मागे घेऊन बघितला. म्हणाली, तेव्हा मी आत पोळ्या करत होते आणि चहा मागायला हे उठले असणार.

पाचपैकी साडेचार. चुरगळलेली कॅसेट अजून दुकानाच्या काकांकडेच आहे, खराब भाग कापून जोडून बघतो म्हणालेत.