रेडिओ ४ साठी घेतलेला डीएबी (डिजिटल रेडिओ) संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

डिस्प्ले आधी काळा पडला, मग बटणं गेली, आणि दुकानाने "कंपनीशी बोला" म्हणत हात वर केले. म्हणून लिहायला बसले. संचात काय काय आहे ते खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे उतरवत नाही. आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. स्वयंपाकघरात पहाटेपासून रात्रीपर्यंत बीबीसी रेडिओ ४, म्हणजे बातम्या, चर्चा आणि नाटकांचं स्टेशन, चालू असतं, संच घेतला तो त्यासाठीच.

दुकानाचं आधी उरकते. पैसे ज्याने घेतले त्याचीच जबाबदारी, कंपनीची नव्हे. इथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो विकतानाच होता असं धरतात. नव्हता हे दाखवायचं काम दुकानाचं. फोनवर ताटकळण्यात माझ्या दुपारच्या दुपारी गेल्या. हेच लेखी कळवलं तेव्हा मुकाट्याने संच बदलून मिळाला. तुम्हीही लेखीच भांडा.

पण माझी खरी तक्रार बंद पडण्याची नाही. बदलून आलेला संच ठणठणीत चालतो, तरी तक्रार तशीच आहे. तक्रार आहे पिप्सची, म्हणजे तास भरला हे सांगणाऱ्या 'पिप' आवाजांची.

रेडिओ ४ वर बहुतेक तासांना सहा पिप्स वाजतात. पाच आखूड, सहावी लांब, आणि ती लांब पिप जिथे सुरू होते तिथे तास भरतो. ५ फेब्रुवारी १९२४ पासून हे चालू आहे. आधी सहाही सारख्या असायच्या, शेवटची लांबवली १९७१ संपताना. वर्षात लीप सेकंद (घड्याळं पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घातलेला जादा सेकंद) घातला तर सहाऐवजी सात वाजतात, इतका काटेकोरपणा! आणि हा काटेकोरपणा डीएबीवर मातीमोल होतो. आवाज आधी दाबून लहान करतात, इतर स्टेशनांबरोबर एका गठ्ठ्यात बांधतात, वाटेत काही गळालं तरी जुळवता यावं म्हणून तुकडे मागेपुढे पसरून पाठवतात, आणि संच ते सगळं गोळा करून पुन्हा उलगडतो. यात काही सेकंद जातात. इंटरनेटवर ऐकाल तर आणखी जास्त. ज्या आवाजाचं कामच वेळ सांगणं, तो उशिरा येतो आणि संच तसं कुठे सांगतही नाही. आकाशवाणीच्या बातम्यांवर घड्याळ लावणाऱ्या घरात मी वाढले. मला हे चालत नाही. शिवाय झोपायच्या खोलीतला जुना एफएम संच एकाच वेळी लावला तर प्रत्येक वाक्य घरात दोनदा ऐकू येतं.

पहिले काही आठवडे या एका गोष्टीवरून संच परतच करणार होते. मग वाटलं, राग संचाचा आहे, स्टेशनाचा नाही. स्टेशनासारखं स्टेशन नाही. जाहिरात एकही नाही. आणि ज्याला फक्त रेडिओ ऐकायचा आहे त्याला टीव्हीसाठी लागते ती लायसन्स फीसुद्धा नाही, रेडिओचं लायसन्स १९७१ मध्येच रद्द झालं. टीव्ही काढून टाकण्याचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दिवस कसा जातो बघा. पावणेसहाला शेतीच्या बातम्या. सहाला 'टुडे', जिथे मंत्र्यांना खोदून खोदून विचारतात, आणि मधेच पावणेआठच्या सुमारास कुठल्या तरी धर्माचा माणूस तीन मिनिटं शांतपणे बोलतो. दहाला १९४६ पासूनचा 'वुमन्स अवर'. गुरुवारी सकाळी नऊला 'इन अवर टाइम': एक विषय, तीन अभ्यासक, मधे गाणं नाही, गंमत नाही. मेल्विन ब्रॅग यांनी तो १९९८ पासून २०२५ पर्यंत चालवला. कणीक मळता मळता अभ्यासकांचं बोलणं ऐकायला मिळतं, यापरतं सुख नाही. दुपारी नाटक असतं, ते मला अजूनही अर्ध्याहून जास्त वेळा रटाळ वाटतं.

'द आर्चर्स' या रेडिओ मालिकेबद्दल मात्र माझं मत पालटलं. संध्याकाळी सातनंतरचा जेमतेम पाव तास, अँब्रिज नावाचं काल्पनिक गाव, गाई, कुंपणं, घरातल्या कुरबुरी. सुरुवातीला मी आवाज बंद करायचे. मग कळलं की १ जानेवारी १९५१ ला ती देशभर सुरू झाली तेव्हा युद्धानंतरचं रेशन अजून चालू होतं, आणि शेतकऱ्यांना नव्या पद्धती गोष्टीतून समजाव्यात म्हणून शेतकी खातं तिला सल्ला देत असे. त्यानंतर कान वेगळाच झाला. भाग चुकला तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या बातम्यांनंतर ऐकते.

मध्यरात्रीनंतर, पाऊण वाजून गेल्यावर, जहाजांसाठी हवामान: ३१ सागरी विभाग, ठरलेल्या क्रमाने, वायकिंगपासून आग्नेय आइसलँडपर्यंत. वारा, समुद्र, हवा, दृश्यता, प्रत्येकाला मोजके शब्द. यातला फिट्झरॉय विभाग २००२ पर्यंत फिनिस्तेर होता. मला समुद्रावर जायचं नसतं, पण एवढ्या कमी शब्दांत एवढी कामाची माहिती दुसरं कुणी देत नाही.

तेव्हा घेताना एवढंच पाहा: संचात एफएम हवंच. रेडिओ ४ एफएमवर ९२ ते ९५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान मिळतं, पिप्स जवळपास वेळेवर येतात, आणि बॅटरी डीएबीपेक्षा बरीच जास्त टिकते. सेलचा खर्च बघता हे लहानसहान नाही. अडॅप्टर सोबत येतो का तेही विचारा, मला तो वेगळा घ्यावा लागला. डीएबी मी ठेवलं ते क्रिकेटसाठी. कसोटीचं समालोचन पूर्वी रेडिओ ४ च्या लाँग वेव्हवर यायचं, ते २०२३ नंतर बंद झालं. आता त्यासाठी डिजिटल स्टेशनच लावावं लागतं, आणि विकेट दोन सेकंद उशिरा कळली तर माझी तक्रार नाही.