पाचव्या सिलिंडरचा शोध : मॉडिफाय केलेल्या ५.९ कमिन्सवर तपासणीची हत्यारं सात महिने वापरल्यानंतर

माझा ट्रक २००६ चा डॉज रॅम २५००. इंजिन कमिन्सचं ५.९ लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून (रेलमधून) जास्त दाबाचं डिझेल मिळतं. कारखान्यातून निघताना ३२५ अश्वशक्ती. माझ्याकडे आला तेव्हा त्यात मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), जास्त डिझेल सोडणारे इंजेक्टर आणि कॉम्प्युटरचं बदललेलं ट्यूनिंग होतं; मागच्या चाकांवर मोजलेली ताकद ४७०. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि उन्हाळ्यात कॅम्पिंगचा ट्रेलर लावून डोंगरात जातो. मागच्या वर्षी या इंजिनाचं पाचवं सिलिंडर गेलं. ते का गेलं हे शोधण्यासाठी जी हत्यारं घेतली, ती त्यानंतर सात महिने वापरतो आहे. त्यांच्याबद्दलचा हा अनुभव. पण घडलं काय ते सांगितल्याशिवाय हत्यारांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

परतीचा प्रवास होता. सिल्व्हरथॉर्नहून आयझेनहॉवर बोगद्याकडे येताना इंटरस्टेट ७० सात टक्क्यांपर्यंत चढतो. बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. हवा विरळ, मागे ट्रेलर, उजवा पाय खाली. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज ६४० अंश सेल्सिअसच्या आत होता, म्हणून मी निश्चिंत होतो. बोगदा ओलांडून उतारावर पाय काढला आणि इंजिनातून टक टक असा आवाज सुरू झाला. खाली पोचून गाडी उभी केली, तर आयडलिंगला सायलेन्सरमधून पांढुरका निळसर धूर. डोळे चुरचुरावेत असा कच्च्या डिझेलचा वास.

दुसऱ्या दिवशी ट्रक एका वर्कशॉपमध्ये नेला. त्यांनी स्कॅनर लावला. दोषाचा एकही कोड नाही. रेलचं प्रेशर मागणीप्रमाणे, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) ठीक, पाण्याचं तापमान ठीक. निळसर धूर म्हणजे टर्बोचं सील, असं निदान झालं. टर्बो उतरवून दुरुस्त केला, ९०० डॉलर गेले. धूर तसाच.

त्या रात्री काकांना फोन केला. काका एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झाले. आयुष्यभर लेलँड आणि टाटाची इंजिनं उघडली. कॉमन रेलवर त्यांनी कधी काम केलेलं नाही, पण त्यांचा पहिलाच प्रश्न वर्कशॉपमध्ये कोणी विचारला नव्हता. "अरे, ऑईल भरायचं झाकण काढून बघितलंस का? काढ, उलटं कर आणि नुसतं भोकावर ठेव. इंजिन चालू ठेव." ठेवलं. झाकण थरथरलं आणि दोन सेकंदांत उडून पडलं. आतून धुराचे ठोके येत होते, एका लयीत. काका म्हणाले, "पिस्टनवरून गॅस खाली येतोय. टर्बोला काय दोष देतोस? आणि डिपस्टिक बघ, ऑईल वाढलंय का ते." वाढलं होतं. बोटावर घेतलं तर पातळ, डिझेलचा वास.

पैसा न लागणारी ही पहिली तपासणी. तिने मला वर्कशॉपच्या स्कॅनरपेक्षा जास्त सांगितलं. तिथून पुढे मी एकेक हत्यार घेत गेलो.

सगळ्यात आधी २५ डॉलरचा इन्फ्रारेड थर्मामीटर. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करायचं आणि दोन मिनिटांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहाही नळ्यांवर तो धरायचा. पाच नळ्या ९० ते ९८ अंशांच्या दरम्यान, पाचव्या सिलिंडरची ५८. कोणतं सिलिंडर चुकतंय ते पाच मिनिटांत कळलं. हा थर्मामीटर मी आजही महिन्यातून एकदा वापरतो. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात : प्रत्येक नळीवर तेवढ्याच अंतरावरून धरायचा आणि चकचकीत जागा टाळायची. चकाकत्या धातूवर तो चुकीचा आकडा देतो. मी सहाही ठिकाणी उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका दिला आहे.

मग रेलवरचं टोपण. ५.९ वर एका इंजेक्टरची प्रेशर लाइन काढून रेलचं तोंड टोपणाने बंद करता येतं. पाचव्याचं बंद केल्यावर टकटक थांबली आणि धूर निम्म्याहून कमी झाला. बरेच जण इथेच थांबतात : इंजेक्टर गेला, नवीन टाका, काम संपलं. मीही थांबलो असतो. पण झाकण उडवणारा तो गॅस डोक्यातून जात नव्हता. इंजेक्टर खराब असला तरी तो पिस्टनवरून वारा खाली पाठवत नाही.

कॉम्प्रेशन गेजचा संच ११० डॉलरचा. विकत घेताना एकच गोष्ट तपासा : हवा अडवणारा छोटा व्हॉल्व्ह नळीच्या टोकाला, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला आहे की गेजच्या बाजूला. डिझेलमध्ये पिस्टन वर असताना उरणारी जागा इतकी थोडी असते की नळीतली जास्तीची पोकळी आकडा बराच खाली आणते. माझ्या पहिल्या संचात तो गेजच्या बाजूला होता, परत केला. दुसऱ्यावर पाच सिलिंडर ३४५ ते ३७० पीएसआय, पाचवं २३५. डेन्व्हरसारख्या उंचीवर हे आकडे मुळातच कमी येतात, म्हणून समुद्रसपाटीच्या आकड्यांशी ताडून घाबरू नका. सिलिंडर एकमेकांशी ताडायचे.

लीक डाउन टेस्टर ८५ डॉलरचा, आणि पूर्ण संचात मला सगळ्यात आवडलेला. पिस्टन अगदी वर आणून इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि कान द्यायचा. हवा इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं (सिलिंडरांवरच्या झाकणाचं) गॅसकेट, ऑईलच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा किंवा पिस्टन. बाकीची सिलिंडरं १० ते १४ टक्के गळत होती, पाचवं ४८. आवाज ऑईलच्या झाकणातून. दोन महिन्यांचा गोंधळ त्या एका फुसफुसण्याने संपला. एक काळजी घ्या : पिस्टन नेमका वर नसेल तर हवेच्या दाबाने इंजिन फिरतं. फ्लायव्हील फिरवण्याचं हत्यार त्यात अडकलेलं असेल तर हात मोडेल. हवा सोडण्याआधी ते काढून ठेवा.

बोअरस्कोप, म्हणजे सिलिंडरच्या आत डोकावणारा कॅमेरा, साठ डॉलरचा, साडेपाच मिलिमीटर जाडीचा, फोनला वायरलेसने जोडायचा. हाच संचातला सगळ्यात कच्चा भाग. जोडणी दर दहा मिनिटांनी तुटायची आणि ओल्या पिस्टनवर त्याचा दिवा इतका चमकायचा की सुरुवातीला काहीच कळेना. दिवा अगदी कमी करून आरसा लावला तेव्हा दिसलं : पिस्टनच्या वाटीची कड एका बाजूला खाल्लेली आणि त्या बाजूला सिलिंडरच्या भिंतीवर रुपेरी पट्टा. ॲल्युमिनियम वितळून भिंतीला फासलं गेलं होतं. पुन्हा घेतलं तर टोक वळवता येणारा आणि स्वतःचा पडदा असलेला घेईन, दुप्पट पैसे देऊन.

हेड उतरवल्यावर फोटो काकांना पाठवले. ते म्हणाले, "लायनर ओढून काढ, नवा टाक." त्यांना सांगावं लागलं, काका, याला लायनर (ओढून बदलता येणाऱ्या आतल्या नळ्या) नाहीतच, बोअर (पिस्टनची पोकळी) थेट ब्लॉकमध्येच. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "मग सहाही बोअर एकदम करून घे, एकटं पाचवं नको." तसंच केलं. सहाही बोअर अर्धा मिलिमीटर मोठे, त्या मापाचे पिस्टन. मजुरीसकट खर्च ९,४०० डॉलर.

पण पाचवंच का? एक्झॉस्टचा गेज तर ६४० च्या आत होता. यात इंजिनाचा दोष शून्य. जे आधी बसवलं गेलं आणि जे मी तपासलं नाही, त्याने हे केलं.

या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून दोन भागांत आहे. पहिली तीन सिलिंडरं एका वाटेने टर्बोला जातात, मागची तीन दुसऱ्या वाटेने. आधीच्या मालकाने तापमानाचा प्रोब पुढच्या वाटेत बसवला होता. पाचव्याची आग त्याला कधी दिसलीच नाही. मी वर्षभर अर्ध्या इंजिनाचं तापमान बघत गाडी चालवत होतो. आता दोन प्रोब आहेत, दोन वाटांना दोन, आणि दोन आकडे शेजारी शेजारी. त्यातही एक प्रोब तीन सिलिंडरांचं मिळून सांगतो, हे धरून चालायचं. मॅनिफोल्डला भोक पाडताना बिटला ग्रीस लावा, थोडं थोडं पाडा, शेवटी चुंबक आत फिरवा. बीड आहे, कीस चुंबकाला चिकटतो. मी तर टर्बो उतरवूनच केलं.

दुसरी गोष्ट वायरिंग सोडवताना सापडली. बॅटरीच्या ट्रेखाली, टेपमध्ये गुंडाळलेला एक छोटा डबा. रेल प्रेशर सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसवलेला. हे डबे सेन्सरचा सिग्नल थोडा कमी करून पुढे देतात. कॉम्प्युटरला वाटतं प्रेशर कमी आहे, तो पंपाला आणखी दाबायला लावतो. त्यावर पुन्हा बदललेल्या ट्यूनिंगने वाढवलेलं प्रेशर वेगळंच. आणि स्कॅनरला आकडा मिळतो तो कॉम्प्युटरकडून, म्हणजे डब्याने कापलेला. हेड उतरवण्याआधी, ट्रक जागेवर उभा असताना मल्टीमीटरने डब्याच्या दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मोजलं होतं. रेस केल्यावर स्कॅनर १,२०० बार दाखवायचा. सेन्सरच्या स्वतःच्या व्होल्टेजचा हिशेब १,३३० च्या पुढे जायचा. पार्किंगमध्ये एवढा फरक, मग सात टक्के चढावर पूर्ण पायाला किती असेल? मूळ इंजिनाची कमाल सुमारे १,६०० बार आहे. रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्हही कुणीतरी शिम (पातळ चकती) टाकून घट्ट केलेला निघाला, म्हणजे जादा प्रेशरला सुटायची वाटच नाही. पाचव्याचा नोझल या दाबाने झिजला, बंद होताना गळू लागला, आणि एकाच जागी पडणाऱ्या डिझेलने पिस्टनची कड खाल्ली.

गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्वस्त ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर मी वापरत नाही असं नाही. पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, बॅटरी यांसाठी तो रोज लावलेला असतो. पण ज्या ट्रकमध्ये कॉम्प्युटरलाच फसवलं आहे, तिथे रेल प्रेशर आणि बूस्ट यांचे स्कॅनरवरचे आकडे पुरावा म्हणून धरता येत नाहीत. त्यांच्यासाठी कॉम्प्युटरशी संबंध नसलेलं वेगळं मोजमाप लागतं. मॉडिफाय केलेला ट्रक विकत घेणाऱ्याने आधी सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंतची प्रत्येक वायर हाताने चाचपावी, हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे. माझे ९,४०० डॉलर आणि एक पूर्ण उन्हाळा त्या टेपखाली होता.

आता डबा नाही, शिम नाही, ट्यूनिंग ट्रेलर ओढण्यापुरतं, मागच्या चाकांवर ३८०. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनला खालून ऑईलचे फवारे थंड ठेवतात म्हणून तो त्याहून गरम गॅस थोडा वेळ सोसतो, पण मी लांब चढावर ६७५ ओलांडू देत नाही. गेज तिथे पोचला की गिअर खाली, पाय वर. काळा धूर जवळपास गेलाच. कोलोरॅडोत मुद्दाम काळा धूर सोडणं २०१७ पासून दंडाचं आहे, आणि तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेलच. ताकद कमी झाल्याची खंत एकदाही वाटली नाही; ट्रेलर घेऊन बोगद्यापर्यंतच्या चढाला आधीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात.

सात महिन्यांत ६,८०० मैल झाले. ऑईल प्रयोगशाळेत तीनदा पाठवलं. दुरुस्तीआधीच्या नमुन्यात डिझेल साडेपाच टक्के होतं, लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही खूप वर. नवीन इंजिनाच्या पहिल्या नमुन्यात धातू थोडे जास्त होते, रिंगा बसत असताना ते येतातच. दुसऱ्यात ते निम्म्यावर आले, डिझेल एक टक्क्याच्या खाली. प्रत्येक ऑईल बदलाला फिल्टर कापून घड्या उलगडतो आणि चुंबक फिरवतो. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, चमकूनही न चिकटलं तर पिस्टन किंवा बेअरिंगकडे बघायचं. उलगडलेल्या घड्यांचा फोटो काकांना जातो, त्यांनी तशी ताकीदच दिली आहे.

एक गोष्ट अजून मनात आहे. थंड सुरुवातीला पाचव्याची नळी बाकीच्यांपेक्षा चार पाच अंश कमी दाखवते. कॉम्प्रेशन सारखं आहे, लीक डाउन बारा टक्के, बोअरस्कोपमध्ये भिंतीवर होनिंगच्या (नवा बोअर घासतानाच्या) रेघा स्वच्छ दिसतात. पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी पाचवा आणि दुसरा इंजेक्टर आपसात बदलून बघणार आहे. गारवा दुसऱ्या नळीवर गेला तर इंजेक्टर, पाचव्यावरच राहिला तर हेड पुन्हा उघडायची तयारी ठेवली आहे.